रीलसाठी पुसलेलं कोकरू

“साहेबांच्या हातात एखादं कोकरू दे. लहान, पांढरंशुभ्र!” सागर फोनवर ओरडत होता. साहेब म्हणजे आमचे उमेदवार. सागर त्यांच्या सोशल मीडिया टीमचा प्रमुख आणि मी कॅमेरामन. एरवी मुरुम गावात लग्नांचे व्हिडिओ करतो, निवडणूक आली की प्रचाराचे.

माकणीच्या अलीकडं माळावर मेंढरं बसली होती. धनगर समाजाची मतं हवी होती, म्हणून साहेबांना पिवळा फेटा, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. घोंगडीची दुकानातली घडीही मोडलेली नव्हती. आमच्या धंद्यात याला ‘कनेक्ट’ म्हणतात. म्हणजे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा आपल्यातलाच माणूस.

मेंढरं गंगूबाईंची होती. त्यांच्या पायाशी त्याच सकाळी जन्मलेलं एक कोकरू होतं. मी तेच उचललं.

“त्ये नगं दादा,” गंगूबाई म्हणाल्या. “मेंढीची पयलीच खेप हाय. आत्ता कुठं चाटाया लागलीय. दुसरं देते की, थोरलं.”

“मावशी, दोन मिनिटांचं काम आहे.”

कोकराच्या अंगाला जन्माचा चिकटा होता. स्क्रीनवर ते घाण दिसलं असतं. मी बॅगेतून वेट वाइप्स काढले, नवरीचा मेकअप पुसायचे ते सुगंधी ओले कागद, आणि कोकरू डोक्यापासून शेपटीपर्यंत लख्ख पुसून काढलं. कामात मी तसा चोख आहे. गंगूबाई पुढं आल्या, पण भोवती गाड्या आणि कार्यकर्ते बघून जागच्या जागी थांबल्या.

“आम्ही तुमचीच लेकरं,” असं साहेबांनी म्हणायचं होतं. भाव येईना. रीटेक, म्हणजे तोच शॉट परत, करता करता ऊन चढलं. कोकरू ओरडायचं थांबलं. शेवटी शॉट झाला आणि साहेबांनी त्याला खाली सोडलं.

ते लडखडत आईकडं गेलं. मेंढीनं हुंगलं, मागं सरली आणि ढुशी मारली. पडलं, उठलं, पुन्हा आचळाकडं गेलं. पुन्हा ढुशी.

“वळखंना झाली,” गंगूबाई म्हणाल्या. “त्याचा वासच पुसला की वो तुमी.”

साहेब गाडीत बसता बसता वळले. “काय म्हणतात बाई?”

“काही नाही साहेब. मस्त आलंय,” मी म्हणालो.

हे वाक्य आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं. चुकून पुसलं, हे एक वेळ समजून घेता येईल. पण हे मी समजून उमजून बोललो होतो.

आठवड्यानं त्या वाटेनं गेलो, तेव्हा मुद्दाम थांबलो.

“मावशी, ते कोकरू?”

“गेलं. मेंढी धरून पाजलं, पर न्हाय टिकलं. च्या घेता का?”

त्यांनी चहा दिला. तो उभ्या उभ्या संपवून मी निघालो.

रील मात्र धो धो चाललं. मतमोजणीत त्या भागातल्या बूथवर आम्ही मागं पडलो. मीटिंगमध्ये सागर चिडला होता. “रील एवढं चाललं, मग मतं कुठं गेली?” कुणी जातीचं गणित मांडलं, कुणी फितुरीचा संशय घेतला. मी खाली मान घालून फोन चाळत बसलो.

आता जिल्हा परिषदेला तीच टीम आहे. सागरनं पुन्हा त्याच माळावर पाठवलं. साहेब यायच्या आधी मी पोचलो. गंगूबाईंनी मला ओळखलं. त्या कळपात शिरल्या आणि एक म्हातारा मेंढा शिंगाला धरून ओढत घेऊन आल्या.

“ह्यो घ्या फोटूला,” त्या म्हणाल्या. “पुसा किती बी. ह्याला वळखायला माय न्हाय ऱ्हायली.”

मी कॅमेरा बॅगेत घातला आणि सागरला फोन करून सांगितलं, बॅटरी गेली. खरं बोलायची हिंमत अजून झालेली नाही. वेट वाइप्स तेवढे आता फक्त लग्नाला नेतो.