‘मोहरबंद’चं सातवं रीळ

“सोमलिंग वल्द शिवलिंग, कौम लिंगायत, उमर अंदाजे चाळीस, राहणार कसबे मुरुम. कद मियाना, रंग गव्हाळ, डाव्या भुवईवर जखमेची खूण. पेशा: बोलणे. चालचलन: शंकास्पद. सदर इसम कोणतंही हत्यार न बाळगता एका बैठकीत चारशे रयतेच्या मनात हुकूमतीविषयी बदगुमानी पैदा करण्यास समर्थ असून, मुलखाच्या अमनासाठी त्याच्यावर नजर ठेवणं जरूर आहे.”

फसली तेराशे त्रेपन्न, म्हणजे इंग्रजी चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यातल्या या उर्दू पोलिसी कागदात निर्विवाद खरी अशी एकच गोष्ट होती, ती भुवईवरची खूण. तंबूचा बांबू निसटून ती झाली होती. हुकूमतीचा त्यात हात नव्हता.

सोमलिंग फिरत्या सिनेमात ‘सांगणाऱ्या’चं काम करी. हणमंतप्पाचा तंबू सुगी संपली की कळंबच्या बाजारापासून मुरुमच्या माळापर्यंत गावोगाव लागायचा. त्याचं इंजिन पडद्यावरच्या माणसांपेक्षा मोठ्यानं बोलायचं आणि भोंगा चहाच्या किटलीसारखा नुसताच सुस्कारायचा. जे काही ऐकू येई ते मुंबई-पुण्याकडच्या हिंदीत. ती मुरुमच्या उर्दूवाल्यांनाही कळत नसे आणि बाकीच्यांचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून सोमलिंग पडद्याच्या कडेला उभा राहून गोष्ट सांगे. रडायचं कानडीत, शिव्या मराठीत आणि हुकूम उर्दूत. मुरुमात ही वाटणी घरोघरी होती, त्यामुळे कुणाला वावगं वाटत नसे.

त्या साली हणमंतप्पानं ‘मोहरबंद’ नावाचा बोलपट आणला होता. कोल्हापूरच्या चार मित्रांनी घरंदारं विकून, कुणा शेठजीच्या दारात न जाता, तो काढला होता. त्यांच्या कंपनीनं हा एकच बोलपट काढला. नंतर कंपनीनंच पाय काढला. जुन्या काळातला राजा, दुष्काळ, राजाच्या मोहरेची नक्कल करून कोठार विकणारा दिवाण आणि हे कळल्यामुळे जीव मुठीत धरून पळणारा एक कारकून, असा तो मामला. तीन खून, एक भुयार आणि एक विषाचा पेला होता. गाणी दोनच होती, हाही एक गुणच.

रिळं मात्र आधीच नऊची आठ झाली होती. सातवं रीळ सोलापुरात कुणाच्या तरी विडीनं खाल्लं होतं. सहावं संपताना कारकून पलिता घेऊन भुयारात शिरे आणि आठवं सुरू होताना दिवाण थेट साखळदंडात दिसे. मधे काय घडलं हे आता त्रिभुवनात एकट्या सोमलिंगला ठाऊक होतं, कारण ते त्यालाच रचावं लागे. सहावं संपलं की हणमंतप्पा पेट्रोमॅक्स पेटवी, “मंडळींनो, बसून राव्हा, ह्ये रीळ तोंडी हाय!” असं ओरडे आणि सोमलिंग पुढं येई. कळंबला त्यानं भुयारात वाघ घातला होता. माकणीला साधू. मुरुमला त्यानं बैलगाड्या घातल्या.

बैलगाड्या त्याला रचाव्या लागल्या नाहीत. लढाईचे दिवस होते. सरकारनं घरटी लेव्हीची ज्वारी गोळा करून गावच्या कोठारात ठेवली होती. फाल्गुनी अमावास्येला ती ज्वारी सोमलिंगच्या दारावरून संस्थानच्या सरहद्दीकडं गेली. तिकडं इंग्रजी मुलखात भाव दुप्पट होता. सकाळी कोठाराला कुलूप जसंच्या तसं. तहसीलदारसाहेबांनी वर अहवाल पाठवला की सव्वाशे पल्ले ज्वारी उंदरांनी खाल्ली. पोतीही गेली होती. पण उंदरांना पोत्याचं वावडं असतं असं कुठंच लिहिलेलं नाही.

मुरुमच्या पहिल्या खेळाला, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, सोमलिंग म्हणाला, “भुयारातून कारकून वर आला तर काय बघतो? कोठाराचं दार सताड उघडं. अकरा गाड्या वळीनं. चाकाला येरंडेल, बैलाच्या घुंगरात कापूस. दिवाण हळूच म्हन्तो, चलो!”

तंबूत इतकी शांतता झाली की इंजिन लाजलं. मग पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी विचारलं, “सोमाण्णा, गाड्या हाकत कोन हुते? उंदीर का?”

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. पण सोमलिंगचा पेशाच बोलण्याचा.

“व्हय की,” तो म्हणाला. “आन् थोरला उंदीर म्होरं घोड्यावर हुता.”

तालुक्यात घोडा एकाच साहेबांकडं होता. चारशे माणसं हसली. कनातीच्या पडद्याआडच्या बायका तर इतक्या हसल्या की एकीच्या कडेवरचं पोर दचकून रडायला लागलं. सोमलिंगला वाटलं, आपण आज फार चांगलं सांगितलं. ते खरंही होतं आणि तेच नडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन तंबूत आले. पोलिसातले ते तसे सभ्य गृहस्थ. कुणालाही विनाकारण मारत नसत, कारण शोधून मारत. त्यांनी जप्तीची फर्द, म्हणजे यादी, करायला घेतली. रिळांचे पत्र्याचे गोल डबे मांडले, बोटांनी मोजले, लाख लावून मोहरा उठवल्या आणि लिहिलं: ‘रिळं, नऊ.’ डबे उघडून पाहायची त्यांच्यात पद्धत नव्हती. मोहर बाहेरून लागते, तर मोजणीही बाहेरूनच, हा सरकारी रिवाज. आत बघणं हा वरिष्ठांचा हक्क.

सात नंबरच्या रिकाम्या डब्यात सोमलिंगच्या बायकोनं, चन्नम्मानं, त्याच्यासाठी दोन ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. त्याचं झाकण घट्ट बसे, मुंग्या जात नसत. सोमलिंगनं सांगायला तोंड उघडलं, “साहेब, त्यो डबा—”

“खामोश,” अमीन म्हणाले. “तू लई बोलतोस, म्हणूनच आलोय ना आम्ही?”

सोमलिंग खामोश झाला. त्या दिवशी तो उपाशीही राहिला.

चार दिवसांनी चौकशीला गुलबर्ग्याहून मोठे साहेब येणार, अशी खबर आली. घरी चन्नम्मानं चुलीपुढूनच विचारलं, “आता काय म्हननार तुमी?”

“त्येच तर कळंना,” सोमलिंग म्हणाला. “गाड्या सिनेमात हाईत म्हनलं, तर रीळ दाखव म्हन्तील. रीळ कुठनं आनू? आन् न्हाईत म्हनलं, तर म्याच रचलं ठरतंय. मग दोन वर्सं जेल, लढाईच्या नव्या कायद्यानं.”

“अय्य शिवा! आन् खरं काय त्ये सांगितलं तर?”

“कुनाला?”

“व्हय,” ती म्हणाली, “त्ये एक हायच.” आणि भाकरी उलटली.

चौकशी चावडीत नव्हे, तंबूतच झाली. मोठे साहेब कडक आणि वक्तशीर होते. त्यांच्या उजव्या हाताला तहसीलदार बसले. ज्याच्याविषयी गैरसमज पसरला, त्यालाच तो दूर झालेला प्रत्यक्ष दिसावा, हा त्यातला सद्हेतू. पेशकार कलमदान घेऊन खाली बसले. साहेबांनी हुकूम सोडला: “तमाशा चालू करो. हम खुद देखेंगे.”

कचेरीची वेळ दहा ते पाच. सकाळचे अकरा वाजले होते. चैत्रातलं ऊन तंबूच्या भोकाभोकांतून पडद्यावर सांडत होतं. हणमंतप्पानं हात जोडले. “सरकार, दिवसा दिसत न्हाय. दिवेलागणीला दावतो.”

“पाच के बाद सरकारी काम नहीं होता,” साहेब म्हणाले.

तेव्हा इंजिन चालू केलं. पहिल्या डब्याची मोहर फोडून रीळ चढवलं आणि शासनानं अर्धा तास एक पांढरी चादर पाहिली. मधूनच एखादी सावली हलल्यासारखी होई. पेशकार ती लिहून घेत. शेवटी साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि सोमलिंगकडं बोट केलं. “तू सांग. सातवें रीळ में क्या है?”

माळावर अर्धं मुरुम उभं होतं. कनातीजवळ चन्नम्मा होती. तहसीलदारसाहेब पानाची डबी उघडत होते, अगदी सावकाश, जणू त्या डबीतच सोमलिंगची दोन वर्षं मोजून ठेवली होती. पेशकार फर्द वाचून दाखवत होते, “जप्त माल: तंबूचे बांबू नाहीत, इंजिन नाही, रिळं नऊ…”

सोमलिंगनं ऐकलं. आणि आयुष्यात प्रथमच त्यानं काहीही रचलं नाही.

“सरकार,” तो म्हणाला, “सातवं रीळ काय हाय त्ये म्या कशाला सांगू? त्ये तुमच्याकडंच हाय की. अमीनसाहेबांनी मोहर लावून नेलंय.”

साहेबांनी अमीनकडं पाहिलं. अमीननी फर्दीकडं पाहिलं. फर्दीवर त्यांचीच सही होती, शिवाय दोन पंचांचे अंगठे.

“खोलो,” साहेब म्हणाले.

सात नंबरची लाख फुटली. आधी लसणाचा वास आला. मग चार दिवसांच्या, कौलासारख्या झालेल्या दोन भाकरी आणि चटणी सरकारसमोर हजर झाली. कनातीजवळून चन्नम्माचा आवाज आला, “बघा, मुंगी तरी हाय का!”

कुणी हसलं नाही. उंदराच्या वेळी हसून झालं होतं.

पेशकारांनी टाक उचलून नम्रपणे विचारलं, “हुजूर, काय लिहू?”

प्रश्न कठीण होता. रीळ नव्हतंच असं लिहावं, तर सरकारी फर्द खोटी, अमीन गेले. होतं पण आता नाही असं लिहावं, तर सरकारी मोहरेआडून माल पळाला. आणि या तालुक्यात कुलपाआडून माल पळण्याची ती दुसरी खेप ठरली असती. हा विचार सगळ्यांच्या मनात एकाच वेळी आला असावा, कारण तहसीलदारांची पानाची डबी एकदम मिटली. ते साहेबांच्या कानाशी वाकले. साहेब बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

“लिखो,” ते म्हणाले. “सातवाँ रीळ काबिल-ए-एतराज पाया गया. मौके पर पंचों के सामने नष्ट किया गया.”

अशा रीतीनं जे ‘आक्षेपार्ह’ रीळ तीन वर्षांपूर्वी सोलापुरात जळून गेलं होतं, ते मुरुमला सरकारी कागदावर जन्मलं आणि तिथंच मारलं गेलं. नष्ट करण्याचं काम दोन शिपायांकडं सोपवण्यात आलं. त्यांनी ते बाभळीखाली बसून पार पाडलं. भाकरी कडक होत्या. चटणीबद्दल तक्रार नव्हती.

रीळ होतं म्हटल्यावर सोमलिंगनं ते रचलं नव्हतं, हेही ओघानंच ठरलं. जेल टळली. पण चौकशी झाली आणि कुणालाच काही झालं नाही असं दिसू नये म्हणून त्याच्याकडून मुचलका लिहून घेतला: ‘आजपासून कोणत्याही तमाशाची हकीकत चार माणसांत तोंडानं सांगणार नाही.’ हणमंतप्पाची जप्त रिळं आणि परवाना सुटला. तहसीलदारसाहेबांची, उंदरांचा बंदोबस्त केल्याबद्दल, मोठ्या तालुक्यावर बदली झाली.

“सुटलो,” सोमलिंग घरी येऊन म्हणाला.

“सुटला व्हय?” चन्नम्मा म्हणाली. “तोंड बांधून घिऊन आलाय. आता खायाचं काय?”

हणमंतप्पा मात्र दिलदार. “सोमाण्णा, तू नुसता उबा ऱ्हा पडद्यापाशी,” तो म्हणाला. “मानसं तुला बघायला येत्यात. रीत म्हनून उबा ऱ्हा.”

दुसऱ्याच दिवशी खेळ लागला. ज्यांनी आधी पाहिला होता तेही आले. एक शिपाई पुढच्या रांगेत नजर ठेवायला बसला. सहा रिळं सोमलिंग खांबासारखा उभा होता. लोकांनी आपल्याआपण चित्रं बघितली. मग सहावं संपलं, पेट्रोमॅक्स पेटला आणि सोमलिंग सवयीनं दोन पावलं पुढं आला. त्यानं ओठ मिटून घेतले.

शिपायानं मागं वळून पाहिलं.

बायकांच्या बाजूनं, कनातीआडून, म्हाताऱ्या गजराबाईचा आवाज आला. तिच्या घरची दोन पोती लेव्हीत गेली होती. “अकरा गाड्या हुत्या,” ती म्हणाली.

“बारा,” पुरुषांतून कुणी म्हणालं. “येक मागनं आली. चाक मोडलं हुतं तिचं.”

“घुंगरात कापूस हुता का न्हाय?”

“व्हय तर! रामलिंगच्या दुकानचा कापूस.”

“माझ्या दुकानचा कशाला? उगं नाव घिऊ नका!”

“आन् घोड्यावर कोन?”

या एका प्रश्नाला चारशे माणसांनी मिळून उत्तर दिलं. शिपाई उठून उभा राहिला, चारशे माणसांकडं पाहिलं आणि परत बसला. मुचलका एकट्या सोमलिंगचा होता. शिपायानं त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं: ‘संशयित हजर. भाषण नाही. अमन कायम.’

सोमलिंग उजेडात उभा राहून ऐकत होता. गाडीच्या मोडक्या चाकाची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. आपण सांगितलं असतं त्यापेक्षा हे सरस आहे, हे त्याला पहिल्या दोन वाक्यांतच कळलं. असं कळणं कुठल्याही सांगणाऱ्याला मानवत नाही. आठवं रीळ लागलं, दिवाण साखळदंडात आला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सोमलिंगनंही वाजवल्या. टाळ्यांवर बंदी नव्हती.

हणमंतप्पा दाराशी बसून हे सगळं पाहत होता. खेळ सुटल्यावर त्यानं सोमलिंगला जवळ बोलावलं, पान दिलं आणि बराच वेळ इंजिनाविषयी बोलला. मग म्हणाला, “सोमाण्णा, वाईट वाटून घिऊ नगंस. पन मानसं फुकट सांगाय लागली, तर सांगनाऱ्याला ठिवून म्या काय करू?”

सोमलिंगनं पान खाल्लं. त्यावर बोलण्यासारखं त्याच्याकडं पुष्कळ होतं, पण भोवती चारपेक्षा जास्त माणसं होती.

नजर ठेवण्याचा हुकूम कुणी मागं घेतला नाही. पोलीस ॲक्शन होईपर्यंत चार वर्षं, दर आठवड्याला, दप्तरात नोंद होत राहिली: ‘सोमलिंग वल्द शिवलिंग, पेशा बोलणे, रयतेस भडकावण्यास समर्थ, कसबे मुरुमात हजर.’

त्या चार वर्षांत सोमलिंग बुधवारच्या बाजारात मिरच्या विकत होता.