पट्टीवरची वाकडी टीप

शिलाई मशिनं दुरुस्त करणारे आमच्या गल्लीतले मिस्त्री म्हणजे पक्के हट्टी. दुकानात पांढऱ्या कापडाची लांबच लांब पट्टी गुंडाळलेली. मशीन दुरुस्त झालं की मिस्त्री त्या पट्टीवर एक टीप मारून बघणार. टीप सरळ गेली तर मशीन घरी, केसभर वाकली तर पुन्हा खोल! तीस वर्षं हेच. गिऱ्हाईक ओरडो, नाहीतर बायको.

मग जिन्यावरून घसरून मिस्त्रींचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, थरथर राहिली. पहिलंच मशीन हातात घेतलं ते समोरच्या बाईंचं, आणि टीप गेली झोकांड्या खात. तीनदा खोललं, तीनदा जोडलं, झोकांड्या कायम. मिस्त्रींनी शटर ओढलं.

"दुकान त्या मागे लागलेल्या मोबाईलवाल्याला देऊन टाकतो."

"द्या की," बायको म्हणाली, "आणि दिवसभर घरात बसून माझ्या कुकरचे स्क्रू पिळा! पण आधी बाईंचं मशीन द्या. महिना झाला."

बाई लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या. जीभ मात्र अजून नोकरीत. सकाळी मिस्त्रींनी बायकोसोबत शटर उघडलं, तर बाई स्वतःच दारात हजर.

"बाई, रिपेअर काही जमलं नाही," मिस्त्री खाली मान घालून म्हणाले. "नव्यासारखं होत नाही."

"नव्यासारखं करा म्हणालं कोण? रिपेअर शब्द लॅटिनमधून आलाय. 'रे' म्हणजे पुन्हा, 'पारारे' म्हणजे तयार करणं. प्रिपेअर त्याचाच सख्खा भाऊ, तो आधीपासून तयारी करतो. हा बिचारा पडलेल्याला पुन्हा कामाला उभं करतो. नवेपणा तुम्ही पदरचा घातलात!"

"मग ही टीप बघा."

"सरका जरा." बाईंनी बसकण मारली आणि टीप घातली. ती मिस्त्रींच्या टिपेहून नागमोडी. मिस्त्री हसू दाबत पट्टीवर वाकले, आणि वाकलेलेच राहिले. रेघ कुठल्या कुठे गेली होती, पण एक टाका सुटलेला नाही, एक लांब नाही, एक आखूड नाही. पट्टी उलटली. मागूनही तेच. मग आपल्या तिन्ही टिपा पाहिल्या. तिथेही टाके मोत्यासारखे.

"अगं, मशीन पहिल्याच दिवशी तयार होतं! वाकडा होता तो माझा हात!"

"आणि तीस वर्षं बोल लावलात मशिनांना," बायको म्हणाली.

आता शटर रोज उघडतं. पेच डावा हात पिळतो, उजवा नुसता धरतो. वेळ दुप्पट लागतो. पट्टीवर टीप मात्र ज्याचं मशीन त्यानंच घालायची. मिस्त्री भिंग लावून फक्त टाके बघतात. कोणाची टीप कुठे भरकटली, यावर गल्लीचा आठवडा निघतो.

परवा मोबाईलवाला पुन्हा दुकानाचं विचारायला आला. मिस्त्रींनी स्टूल पुढे सरकवलं.

"आलाच आहात तर बसा. एक टीप घालून जा."