पिल्लूमावशीची उबवणी पेटी

नवरा गेला त्याच आठवड्यात वीजही गेली, ती चांगली दोन दिवस आली नाही. उबवणी पेटीतली सगळी अंडी थंड पडली. पिल्लूमावशीने ती खड्ड्यात टाकली आणि वर माती लोटली. नवऱ्याच्या वेळी ती रडली नव्हती, आताही नाही. लोक म्हणाले, बाई दगडाच्या काळजाची. तिच्या कानावर ते आलं. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

पुढे गावातल्या छोट्या धंदेवाल्यांनी मिळून सौर वीज घ्यायचं ठरवलं. वेल्डिंगवाला, शिंपी, दूध थंड करून विकणारी बाई, असे सगळे. पॅनेल एका मोठ्या छपरावर, बॅटऱ्या एका खोलीत, आणि तिथून तारा प्रत्येकाच्या दुकानात. पण सभासद तोच, ज्याची जागा स्वतःच्या नावावर. मावशीची खोली दिराच्या नावावर होती.

बैठकीत जाऊ उठली. "छप्पर आमचं घ्या, दिवसभर ऊन असतं. पण एक तार हिच्या पेटीला गेली पाहिजे, आणि सभासदही हीच."

दीर मिठाची गुळणी धरून बसला होता.

"गप्प बसलाय म्हणजे कबूल आहे," शिंपी म्हणाला. सगळे हसले. मावशी सतरंजीकडे बघत होती.

घरी येताना जावेने विचारलं, "तुला हवी ना गं वीज?"

"असू दे."

"असू दे म्हणजे?"

"म्हणजे हवी."

पेटी सुरू झाली. मावशी अंडी फिरवायची, वाटीत पाणी भरायची, परत येऊन बसायची. अंडी फुटायच्या बेताला आली आणि नेमकं आभाळ भरून राहिलं. बॅटऱ्या उतरत चालल्या. वेल्डिंगचं यंत्र सगळ्यात खादाड, आणि वेल्डिंगवाल्याच्या जिभेला हाड नाही. तो दारात आला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, आता भांडण होणार.

"अजून किती?" त्याने विचारलं.

"उद्या-परवा फुटतील."

"मग तोवर मी बंद ठेवतो. लोखंड काही मरत नाही."

"तुमचं गिऱ्हाईक?"

"बोंबलेल. मीही बोंबलेन."

मावशी "बरं" म्हणाली. आभार मानायला हवे होते, हे तिला तो गेल्यावर बऱ्याच वेळाने सुचलं.

काही अंडी फुटलीच नाहीत. बाकीची फुटली. ओली पिल्लं धडपडत एकमेकांवर पडत होती. मावशीने ती सुकल्यावर टोपलीत ठेवली, मग वेल्डिंगवाल्याच्या दुकानात जाऊन एवढंच सांगितलं, "झालं. लावा तुमचं यंत्र." त्याने मान हलवली आणि चष्मा चढवला.

जाऊ टोपलीपाशी वाकून बसली होती. "बरं वाटलं का गं?"

मावशीने विचार केला. "कळत नाही. भूक लागलीय."

जाऊ उठली, ताट वाढून घेऊन आली. मावशीने ते सगळं संपवलं आणि आणखी थोडं मागितलं.