पर्ससीनवरचा चाळीस सेकंदांचा प्रोमो

प्रोमो सकाळी साडेदहाला वाजला. पावणेअकराला आमच्या संस्थेचे अध्यक्ष देसाईसर यांचा फोन आला.

"ताई, तो पर्ससीनचा कार्यक्रम रद्द करा."

"का, सर?"

"एक बोटमालक माझ्यासमोर बसलेत. दिल्लीला तक्रार करणार म्हणतात. रेडिओची परवानगी गेली तर केंद्राला कुलूप लावावं लागेल."

"त्यांना चहा पाजा आणि इकडे पाठवून द्या. कार्यक्रमाचं मी बघते."

मी रत्नागिरीतल्या एका कम्युनिटी रेडिओची केंद्रप्रमुख आहे. छोटा ट्रान्समीटर, शहर आणि आसपासची गावं, एवढाच आमचा पल्ला. पण त्यालाही केंद्र सरकारची परवानगी लागते आणि तिच्याबरोबर अटींचा गठ्ठा येतो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. कोणाची बदनामी चालत नाही. जे वाजवलं त्याचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं. लोकांना वाटतं, रेडिओवर वादाचा विषय काढायचीच बंदी आहे. तसं कुठेही लिहिलेलं नाही. मी तो गठ्ठा इतक्या वेळा वाचलाय की त्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

पर्ससीन म्हणजे थैलीसारखं तोंड आवळता येणारं प्रचंड जाळं. बांगड्याचा अख्खा थवा एका फेऱ्यात आत येतो. छोट्या होडीवाल्यांचं म्हणणं, या बोटी ठरलेली हद्द सोडून किनाऱ्याजवळ येतात आणि आम्हाला काही उरत नाही. बोटमालक म्हणतात, आम्ही हद्दीबाहेरच जाळं टाकतो आणि एकेका बोटीवर पंचवीस खलाशांची घरं चालवतो. शहरात असं घर नसेल जिथे यावर मत नाही. मग रेडिओवर का नको?

प्रोमो म्हणजे कार्यक्रमाची छोटी जाहिरात. आमच्या प्रोमोत हनीफाबींचा आवाज होता. खाडीकाठच्या मोहल्ल्यात त्यांचं घर, नवऱ्याची छोटी होडी, मासळी विकतात त्या स्वतः. त्या म्हणाल्या होत्या, "गरुडवाली बोट आमच्या खाडीच्या तोंडाशी येते, आन् आमी नुसतं बघत बसायचं?" मी तपासलं. माणसाचं नाव नाही, बोटीचं नाव नाही. पास केला.

अर्ध्या तासात बोटमालक आले. दत्ताराम. पन्नाशीचे, शांत. मी आरडाओरड्याची तयारी ठेवली होती, ती वाया गेली.

"मॅडम, जेटीवर कोणालाही विचारा, कोणाच्या केबिनवर गरुड रंगवलाय. एकच बोट आहे. माझी."

"नाव कुठे घेतलंय आम्ही?"

"अजून काय घ्यायचं राहिलंय?"

मग ते म्हणाले, "आणि ती बोट महिनाभर पाण्यातच नाय. चला, दाखवतो."

गेले. बोट किनाऱ्यावर ओढलेली, लाकडांच्या टेकूवर उभी. पाण्याखालचा पंखा काढून बाजूला ठेवलेला. केबिनवर पिवळा गरुड, चोचीत मासा. पूर्ण मुलाखतीत ज्या आठवड्याबद्दल हनीफाबी बोलल्या होत्या, त्या आठवड्यात ही बोट इथून हलणं शक्यच नव्हतं. तिथूनच केंद्रावर फोन केला आणि प्रोमो काढायला सांगितलं. कार्यक्रम मात्र ठेवला.

दुपारी हनीफाबींच्या दारात गेले.

"गरुड कोणी बघितला, हनीफाबी?"

"आमच्या ह्यांनी पहाटे बोट बघितली. मोठी. जाळं टाकताना."

"गरुड?"

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "गरुड नाय बघितला. सगळी म्हणत होती, तीच असणार."

"ती महिनाभर किनाऱ्यावर आहे. मी आत्ता हात लावून आले."

"या अल्ला. म्हणजे आता माझं सगळंच कापणार तुमी."

"गरुड कापणार. जाळ्याचं तुम्ही बोला. पण त्यांच्यासमोर बसून."

"माझा दीर पर्ससीनवरच खलाशी हाय, बाई. त्याला उद्या बोटीवरून उतरवलान तर?"

त्याला उतरवणार नाहीत याची हमी मी देऊ शकत नव्हते. तसं मी सांगितलं. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "येते मी."

दोन दिवसांनी दोघं स्टुडिओत समोरासमोर बसले. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर आधी मी केंद्राच्या वतीनं माफी मागितली: प्रोमोतला एका बोटीचा उल्लेख चुकीचा होता, तो आम्ही न तपासता वाजवला. मग हनीफाबी स्वतःहून म्हणाल्या, "तुमची बोट म्हटलं ते चुकलं माझं. पण जाळं पडलं ते खोटं नाय."

दत्तारामांनी पाण्याचा ग्लास सरकवला, उचलला नाही. "आमच्यातले काही आत येतात. नाय म्हणणार नाय मी. त्यांच्यामुळे आम्ही सगळे चोर ठरतो."

काचेपलीकडे बसलेले देसाईसर उठून उभे राहिले. एखाद्या पर्ससीनवाल्यानं हे जाहीरपणे बोलणं आम्ही कोणीच याआधी ऐकलं नव्हतं. पुढे चाळीस मिनिटं दोघं बोलले, भांडले; हनीफाबींनी दिराची भीतीही बोलून दाखवली. मी घड्याळ समोर ठेवून दोघांना सारखा वेळ दिला. शेवटी दत्ताराम म्हणाले, "बाय, तुझ्या दिराला कोणी काय बोललं तर मला सांग."

तक्रार मात्र त्यांनी आदल्या दिवशीच पाठवली होती. दिल्लीहून पत्र आलं, रेकॉर्डिंग पाठवा.

"प्रोमोपण पाठवायचा?" देसाईसरांनी विचारलं.

"तक्रार प्रोमोचीच आहे, सर."

प्रोमो, माफी, पूर्ण कार्यक्रम, सगळं पाठवलं. चूक कशी झाली तेही लिहिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: खुलाशाची नोंद घेतली आहे, यापुढे काळजी घ्यावी.

पर्ससीनचा वाद मिटलेला नाही. आम्ही त्यावर आणखी तीन कार्यक्रम केले. काळजी म्हणाल तर एवढीच घेते, की वादाचा विषय असला की प्रोमो आधी हनीफाबींना फोनवर ऐकवते. अटी मला पाठ आहेत, पण गावाला कशावरून कोण कळतं ते त्यांना माहीत आहे. आजवर दोनदा त्या म्हणाल्या, "बाई, हे कळतंय हो कोण ते." दोन्ही वेळा मी ते वाक्य कापलं.