वरच्या मजल्यावरच्या ओव्या

दंतकथेला पिढ्या लागतात, असे मी वर्गात सांगत आलो. ते विधान मागे घेतो! बेंगळुरूतल्या आमच्या लोकसाहित्य-संग्रहात एका नव्या स्विचभोवती महिनाभरात इतके किस्से साचले, की वर्गीकरणासाठी मला एकच शब्द सुचतो: संताप.

स्विच म्हणजे सगळे संगणक जोडणारी पेटी. ध्वनिमुद्रणांचा सर्व्हर वर, वाचनकक्ष खाली. पेटी बसवणाऱ्या एजन्सीच्या नितीनने, हा बेळगावकडचा, सुरक्षिततेसाठी दोन मजल्यांची दोन नेटवर्कं केली, आणि वरच्या ओव्या खाली ऐकू येईनाशा झाल्या.

"दोन्ही नेटवर्कं एकदम मस्त चालतात बघा, सर!"

भिंत मस्तच होती. दार ठेवायचे राहिले होते. आणि दसऱ्यानंतर तुळसाक्का येणार होत्या, दिवंगत थोरल्या बहिणीच्या ओव्या ऐकायला. वय ऐंशीपार, गुडघ्यांमुळे जिना वर्ज्य. नक्कल काढून देण्यास संग्रहाचा नियम आडवा.

* * *

त्या दाराला राउटिंग म्हणतात आणि ते याच पेटीत असते, हे पुस्तिका वाचून मीच शोधले.

"आहे की, सर."

"मग चालू का नाही केलेस?"

"तुम्ही मागितलं नाही!"

* * *

चालू करायला पासवर्ड हवा. त्याची चिठ्ठी पेटीच्या पाठीवर, आणि पाठ भिंतीला स्क्रूने आवळलेली.

"कुणी चोरून वाचू नये म्हणून, सर!"

* * *

अखेर राउटिंग चालू झाले. दुसऱ्याच दिवशी आयुधपूजा. आमच्या ग्रंथपाल सरोजाक्कांनी पेटीची वायर काढून तिला कुंकू लावले. यंत्राला वर्षातून एक दिवस विश्रांती, ही रूढी मीच व्याख्यानांतून गौरवलेली! विश्रांतीनंतर पेटी राउटिंग विसरली, कारण नितीनने केलेला बदल सेव्हच केला नव्हता.

"पूजेनं गेलं, सर."

"कुंकवानं कुणाची स्मृती जात नाही!" सरोजाक्का कडाडल्या. "स्वतःची चूक देवावर ढकलतोस?"

* * *

तुळसाक्का सर्जापूर रोडवरून ऑटोने आल्या. वाचनकक्षातला संगणक अजूनही 'सर्व्हर सापडत नाही' एवढेच सांगत होता. मी नितीनला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तक्रारीचं तिकीट काढलंय, सर. उद्या करून देतो."

"उद्या मला कोण आणणार?" तुळसाक्का म्हणाल्या. "ती वर आहे ना? मग जिन्यातनं बोलवा की तिला!"

सरोजाक्का वर धावल्या. सर्व्हरजवळच्या संगणकाचे स्पीकर त्यांनी जिन्याच्या तोंडाशी ओढले आणि आवाज पूर्ण सोडला. जात्यावरची ओवी पायऱ्या उतरू लागली. पहिली ओळ बहिणीची. दुसरी, खालच्या पायरीवर बसून, तुळसाक्कांनी धरली.

फोन चालूच होता.

"सर, आवाज खाली पोचला ना? मग तिकीट क्लोज करू?"

"स्वल्प थांब रे!" तुळसाक्का म्हणाल्या. "तिचं अजून संपलं नाही."