दुरुस्तीतले दोन रु

"तुम्हीच म्हणालात, घेतलं!"

"घेतलंच होतं!"

"काय घेतलं होतं?"

"जे घ्यायचं असतं ते!"

"अहो, मी नाश्त्याचं विचारत होते!"

"मग नाश्ता म्हणायचं ना सरळ! उठल्यापासून नुसतं घेतलं का, घेतलं का. मला वाटलं, सुईचं विचारतेयस."

कालपासून हे भांडण तिसऱ्यांदा चाललं होतं आणि तिन्ही वेळा याच जागी येऊन अडकलं होतं. पेंटर स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभा होता, बायको दारात, आणि तिचा एक हात भिंतीला टेकवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीवर. तो हात तिथून हलत नव्हता.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. बावीस वर्षं दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या त्याने हाताने लिहिल्या होत्या. त्याच्या वेलांट्या इतक्या डौलदार असायच्या, की दोन गल्ल्या पलीकडूनही लोक ओळखायचे, ही याची. गेल्या आठ महिन्यांपासून त्याला इन्सुलिन लागलं होतं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. एक माणूस सांगायचा, गोडाला हात लावू नका. तोच माणूस सांगायचा, खिशात साखर ठेवा. खाल्लं की चढते, नाही खाल्लं की उतरते, आणि कधीकधी काहीही न करता आपली मजेत हिंडते. "ही साखर आहे का भाडेकरू?" त्याने एकदा दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं होतं. सिस्टर हसल्या होत्या, पण एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली होती: ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही.

काल ताट समोर आलंच नाही. त्याने सुई टोचली, बायकोने कामावर निघता निघता विचारलं, "घेतलं?" तो म्हणाला, "घेतलं." तिला वाटलं, खाल्लं. तिने ब्रेड-अंडी उरलेली समजून झाकून फ्रिजमध्ये सरकवली आणि गेली. त्याला वाटलं, नाश्ता डब्यात भरून दिला असेल. पिशवी उचलून तोही गेला.

टेलरबाईंच्या नव्या दुकानाची पाटी होती. 'शिवणकाम व दुरुस्ती.' शिवणकाम झकास उतरलं. मग पाठीवरून घाम ओघळला, रस्ता जरा लांब गेल्यासारखा वाटला. त्याने 'दु' काढला. 'रु' काढला. मग आणखी एक 'रु'. मग आणखी एक, आणि शेवटी 'स्ती'.

"पेंटरदादा," खालून टेलरबाई म्हणाल्या, "रु किती झाले?"

"लागतात तेवढे."

"अहो, दुरुस्तीला एकच लागतो."

"बाई, तुम्ही कपडे शिवा. अक्षरांचं मला शिकवू नका. मोठी दुरुस्ती असली की जास्त लागतात."

टेलरबाईंनी त्याचा चेहरा पाहिला आणि वाद तिथेच सोडला. गोड बोलून एकेक पायरी खाली उतरवलं, खुर्चीत बसवलं. शर्टाच्या खिशातून एक कार्ड डोकावत होतं, त्याच्याच सुंदर अक्षरात: 'मला इन्सुलिन चालू आहे. मी विचित्र वागलो तर लगेच साखर द्या.' त्यांनी ग्लासभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळून समोर धरली. तो म्हणाला, "मला गोड बंद आहे." त्या म्हणाल्या, "आज चालू आहे. प्या." पंधरा मिनिटांनी त्याने मान वर करून पाटी पाहिली आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

आज दुकान उघडणार होतं, आणि पाटीवर 'शिवणकाम व दुरुरुरुस्ती' तसंच झळकत होतं.

"मला जाऊ दे," पेंटर म्हणाला. "दोन अक्षरं खरवडायची, 'स्ती' अलीकडे घ्यायचा. तासाभराचं काम. नाहीतर अख्ख्या बाजारात हसं होईल माझं."

"हसू देत. शिडीवरून पडलात तर कोण हसणार आहे?"

ते हसं त्याला झेपलं असतं. त्याला खरी भीती घालणारी गोष्ट वेगळीच होती, ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. ते दोन जास्तीचे रु अप्रतिम उतरले होते. हात तसूभर कापला नव्हता. ते काढताना त्याला एकदाही शंका आली नव्हती. चूक करताना मनात काहीतरी चुकचुकतं, असं तो आजवर धरून चालला होता. आता कशाच्या भरवशावर चढायचं?

"बरं," बायको जरा नरमली. "ब्रेड पुढ्यात आहे, अंडं पुढ्यात आहे. आत्ता घेतलं का?"

पुन्हा तोच शब्द.

"म्हणजे," ती म्हणाली, "टोचलं का?"

पेंटरने टेबलाकडे पाहिलं. साखर मोजायच्या मशीनवर आकडा होता, एकशे अठ्ठावीस. तो त्याने मगाशीच पाहिला होता. इन्सुलिनचं पेन बाजूला पडलं होतं, टोपण उघडं. टोचायला उघडलं होतं, की टोचून झाल्यावर लावायचं राहिलं होतं? त्याने सदरा वर करून पोट पाहिलं. पोटावर ठिपके होते, पण त्यातला आजचा कुठला? वापरलेल्या सुयांचा डबा अर्धा भरलेला, त्यातली आजची कुठली?

"टोचलं असेल," तो म्हणाला.

"असेल?"

"तू शिडीवर हात ठेवलास तेव्हा पेन माझ्या हातात होतं. मग भांडण सुरू झालं. मग... मला नाही आठवत गं."

तिने सिस्टरला फोन लावला, स्पीकर चालू केला.

"शंका आहे ना? मग पुन्हा टोचायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "आधी खाऊ दे त्यांना. तासाभराने आकडा बघा, मग थोड्या थोड्या वेळाने बघत राहा, मला कळवा. साखर हाताशी ठेवा. आणि पेंटरसाहेब, आज पाय जमिनीवर."

"अहो सिस्टर, पाटी..."

"जमिनीवर."

फोन बंद झाला. तो मुकाट्याने खाली बसला, ब्रेडचा घास घेतला. बायकोने कपाटातून त्याचा जुना, रंगांनी कडक झालेला एप्रन काढून स्वतःच्या अंगावर चढवला. लग्नानंतरची चार वर्षं तो अक्षरांच्या रेघा आखायचा आणि आत रंग ती भरायची. पण त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती, आणि तेव्हाही ती स्टुलाच्या वर कधी गेली नव्हती.

तिने खरवडायची पाती खिशात टाकली, साखरेची पुडी त्याच्या खिशात कोंबली, आणि शिडी उचलून खांद्यावर घेतली. शिडीचं मागचं टोक गर्रकन फिरलं आणि दिव्याला लागता लागता राहिलं.

"अगं थांब," पेंटर भरल्या तोंडाने म्हणाला. "तू शिडी धरणार आहेस, का चढणार आहेस?"

ती शिडी तिरकी करत दारातून बाहेर पडली.