रमच्या बाटलीतला रिठा

फोन आला तेव्हा माझ्या डोक्याला शांपू होता. रविवारची सकाळ होती. बाथरूमच्या दाराबाहेरून नवरा नुसता "वैशाली..." एवढंच म्हणाला. मामा गेले होते. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. शिराळ्याजवळच्या गावी, अंगणात चहा पीत बसल्या जागी त्यांची मान कलली आणि सगळं आटोपलं. मी घाईघाईनं डोक्यावर पाणी ओतलं, ओलेच केस बांधले आणि गाडीत बसले. सांगली सोडल्यापासून गाव येईपर्यंत गाडीत त्या शांपूचा गोडसर वास भरून राहिला होता. नवऱ्याला तो जाणवलाही नसेल. मला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं, कारण मामांच्या समजुतीप्रमाणं मी विकतचा शांपू लावणं केव्हाच सोडून दिलं होतं.

मामा लष्करात गाड्यांचे मेकॅनिक होते. निवृत्त होऊन गावी आले तरी हात स्वस्थ बसेनात. पाण्याचा पंप, सायकल, शेजारणीचा मिक्सर, काही ना काही उघडून बसलेले असायचे. काटकसर अंगात मुरलेली, पण त्यांना कंजूष म्हणणं साफ चूक ठरेल. स्वतःची चप्पल पुन्हापुन्हा शिवून घेणारा हा माणूस आल्यागेल्याला जेवल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायचा नाही. मी साताऱ्यात वाढलेली, तिथल्या नळाच्या पाण्यावर माझे केस बरे होते. सांगलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बोअरचं जड पाणी, त्यात केसांचा पार काथ्या झाला. एका दिवाळीला मामा आमच्याकडं आले असताना मी बाजारातून शांपू आणि कंडिशनर घेऊन आले. त्यांनी दोन्ही बाटल्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या.

"ही धुवायची. मग ही दुसरी कशाची?"

"कंडिशनर आहे मामा. धुतल्यावर लावायचं, केस मऊ राहतात."

"म्हंजी पैल्या बाटलीनं वंगण काढायचं आन् दुसरीनं परत घालायचं? आगं, मग काढलं कशाला?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामाही हसले. मग बाटलीच्या बुडाशी छापलेली किंमत त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचली, आणि पुन्हा एकदा वाचली.

थोड्याच दिवसांत ते शिराळ्याच्या एसटीनं हजर झाले. पिशवीत लष्करी कँटीनच्या रमच्या दोन रिकाम्या बाटल्या, म्हणजे आता भरलेल्या. एकीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं १ लिहिलेलं, दुसरीवर २. एक नंबरमध्ये रिठा आणि शिकेकाई, लोखंडी कढईत भिजवून उकळलेली. दोन नंबरमध्ये जवस शिजवून काढलेला बुळबुळीत रस. तो गरम असतानाच फडक्यातून गाळावा लागतो, गार झाला की फडकं सोडत नाही, हे त्यांनी मला इंजिन समजावून सांगावं तसं समजावलं. एक नंबरचा रंग हुबेहूब रमसारखा. वाटेत कंडक्टरनं पिशवीत डोकावून विचारलं म्हणे, "आजोबा, लय स्टॉक घिऊन निघालाय?" मामांनी बूच काढून बाटली त्याच्या नाकाशी धरली होती. "हुंग. सुनंच्या केसाला हाय." हे सांगताना ते इतके खूश होते की मी त्या दिवशी लगेच डोकं धुतलं.

खरं सांगायचं तर एकदाच. वास जाता जाईना, आणि जवसाचा रस नीट धुतला गेला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात खांद्यावर कोंड्यासारखे पापुद्रे पडले. संध्याकाळी मामांचा फोन. "रिपोर्ट दे." मी म्हणाले, "एकदम मऊ झालेत मामा!" बोलून गेले... एवढ्या म्हाताऱ्या माणसानं चुलीपुढं बसून केलेलं, त्याला नाव कसं ठेवायचं? पलीकडून आवाज आला, "मग! मी म्हणलं न्हवतं?" आणि आत्तीला ओरडून सांगितल्याचंही ऐकू आलं.

त्यानंतर दर पंधरवड्याला बाटल्या यायला लागल्या. कधी स्वतः घेऊन यायचे, कधी गावच्या कुणाबरोबर पाठवायचे. मी त्या मोरीत ओतायचे, स्वच्छ विसळायचे आणि रिकाम्या परत पाठवायचे. मामा येणार असले की माझ्या बाटल्या कपाटात साड्यांच्या मागं जायच्या. एकदा त्यांनी विचारलं, वाचलेल्या पैशात काय घेतलंस? समोर नवा कुकर होता. मी कुकर दाखवला. पुढं सगळ्या भावकीत तो कुकर "आमच्या रिठ्याचा कुकर" म्हणून गाजला. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो हसायचा आणि म्हणायचा, "सांगून टाक की एकदा." मी म्हणायचे, सांगते. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, असं ते वाढतच गेलं, आणि सांगायचा दिवस काही उगवला नाही.

नागपंचमीला गावी गेले की मामा मला भावकीतल्या बायकांपुढं उभं करायचे. "बघा, आमच्या वैशालीचं केस. दुकानातलं काय न्हाई." बायका केसांना हात लावून बघायच्या. मी मान खाली घालायचे, त्यांना वाटायचं लाजतेय. मग त्याही मामांकडं बाटल्या मागायला लागल्या. त्यांनी बांधावर जवस पेरला. ऐन उन्हाळ्यात चुलीपुढं बसून ढवळायचे, पण कुणाकडून एक पैसा घेतला नाही. आत्ती कुरकुरायच्या, "आवं, धुरानं डोळं जात्याल तुमचं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "पोरीला मानवलंय, आता बंद कसं करू?" हे आत्तींनीच मला सांगितलं होतं, कौतुकानं. ते ऐकून मला जेवण गेलं नाही. तरी परत येताना डिकीत बाटल्या होत्याच, आणि त्या मी ओतल्याच.

शेवटचा फोन ते जायच्या आदल्या आठवड्यातला. "ह्या टायमाला शिकेकाई जरा ज्यादा पडलीया. कसं झालंय, सांग." मी स्कूटर काढत होते. म्हणाले, "मामा, उशीर होतोय, नंतर सांगते." बाटली तोवर रिकामी होऊन ओट्याशी वाळत पडली होती. नंतर मी सांगितलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही.

दिवसकार्य झालं, आम्ही सांगलीला परतलो. गेल्या आठवड्यात आत्ती आल्या. एकट्या, एसटीनं. पदराखालून त्यांनी दोन बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या. रंगानं आकडे लिहिणारे हात आता नव्हते, म्हणून एकीच्या गळ्याला त्यांनी लाल दोरा बांधला होता.

"त्येंनी कवा चुलीम्होरं येऊ दिलं न्हाई मला. पर मी बघत हुते न्हवं. अंदाजानं केलंय." जवसाचा रस त्यांनी माझ्या तळव्यावर ओतला. "मी तर जन्मभर साबणानंच धुतलं डोस्कं. गावातल्या बायका म्हणत्यात, त्येंच्या बाटलीची पारख वैशालीला. तूच सांग. त्येंच्यावानी झालंय का?"

तळव्यावरचा रस बघून माझे डोळे भरून आले. आता सांगायचंच, असं ठरवून म्हणाले, "आत्ती, मला नाही ओळखता येत."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगं. मलाबी आठवण येती गं." आणि मला मोरीशी बसवून त्यांनी स्वतः माझं डोकं धुतलं. पुसलं, विंचरलं, केस हातात घेऊन पुन्हा विचारलं, "आता सांग. तसंच हाय न्हवं?"

"तसंच आहे, आत्ती," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. पंधरवड्यानं परत येते म्हणाल्या, आणि जाताना रिकाम्या बाटल्या मागून घेतल्या. बाटल्या रिकाम्या देता याव्यात म्हणून मी उरलेलं सगळं दोन तांब्यांत काढून ठेवलं होतं. त्यातला एक थेंबही मी सांडलेला नाही. रोज थोडं लावते. वास अजून जात नाही, पापुद्रेही पडतात. पण मामांचं याहून बरं होतं की असंच, हे मला मात्र कधीच सांगता येणार नाही.